वारुळावरची अळंबी आणि परीक्षानळीतला जांभळा रंग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहून ऐकीव माहिती सांगून भागणार नाही, याची मला जाणीव आहे. रानातल्या खाण्याजोग्या अळंब्यांचे अँटिऑक्सिडंट आणि सूक्ष्मजीवरोधक गुण, हा पत्रिकेवरचा विषय फार मोठा आहे. म्हणून मी तो एका अळंबीपुरता आवळून घेणार आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यात आषाढ-श्रावणात वारुळांवर उगवते तीच ही अळंबी. गोव्यात तिला रोयण अळमी म्हणतात, विदर्भात तिच्या जातभाईंना टेकोडे किंवा सात्या म्हणतात. शास्त्रात हिच्या कुळाचे नाव टर्मिटोमायसिस.

ही अळंबी विकायला येते तेव्हा तराजू लागत नाही. पानांत बांधलेले वाटे असतात आणि भाव नगावर ठरतो. फोंड्याहून मोल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला किंवा आपल्या सावंतवाडीच्या बाजारात बाया हे वाटे घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत सगळे संपलेले असते. श्रावणात मासळी-मटण बंद असलेल्या घरांत तिचे तोणाक किंवा शागोती होते. महाग असूनही लोक घेतात, कारण ती फक्त याच दिवसांत मिळते आणि शेतात लावता येत नाही. धिंगरी लावता येते, बटण मशरूम तर बारा महिने मिळते. वारुळावरच्या अळंबीचे तंतू प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढतात, पण तिचे छत्र बाजारासाठी भरवशाने उगवून घेणे अजून कोणाला साधलेले नाही.

का साधलेले नाही, हे समजायला वारुळाच्या आत जावे लागेल. १७७९ साली योहान गेरहार्ड क्योनिग या निसर्ग-अभ्यासकाने तंजावरकडच्या वाळवीवर एक लेख प्रसिद्ध केला आणि वारुळात बुरशीचे मळे असतात हे नोंदवले. तो तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. पुढे १९०६ साली श्रीलंकेत पेरादेनिया येथे टॉम पेच यांनी या मळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे आइम यांनी या अळंब्यांचे वेगळे कूळ मांडले. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीला १९७९ साली त्यांचेच नाव मिळाले, टर्मिटोमायसिस हाइमी. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

वाळवी लाकूड खाते असे आपण म्हणतो. पण आपल्या भागातली, ओडोंटोटर्मिस कुळातली वाळवी लाकूड आणि पालापाचोळा आणून त्यावर शेती करते. वयस्क कामकरी वाळवी बाहेरून काडीकचरा आणते. तरुण कामकरी तो खातात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेतून मळा रचतात. हा मळा राखाडी-तपकिरी, वेडावाकडा आणि स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्यावर बुरशी वाढते आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गाठी धरते. तरुण वाळवी नव्या कचऱ्याबरोबर या गाठी खाते. त्यांतले बीजाणू तिच्या पोटातून न मरता बाहेर पडतात आणि मळ्याच्या नव्या थरात आपोआप पेरले जातात. मळ्याचा जुना भाग बुरशीने पचवून मऊ केला की तो वाळवीचे अन्न होतो. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकदाच सुरू झाली आणि तिथून आशियात पसरली. माणसाच्या शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली आहेत, हे लक्षात घेतले तर या शेतकऱ्यांपुढे आपण किती नवखे आहोत ते कळते.

पावसाळ्यात दमटपणा आणि उष्णता जुळून आली की या मळ्यातून एक दांडा वर निघतो. मातीतून कधी हातभर वाट काढत तो जमिनीवर येतो आणि टोकाला छत्र उघडतो. जमिनीखालचा दांड्याचा मुळासारखा भाग तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. अळंबी हलक्या हाताने उपटली तर तो सोबत येतो. काही वेळा वर उंच वारूळ दिसत नाही आणि अळंबी सपाट जमिनीवर उगवलेली वाटते, पण खाली मळा असतोच.

आता रसायनाकडे येतो. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. झाडाला ताठ उभे ठेवणारा हा घटक तोडणे सजीवांना फार अवघड जाते. साध्या पाचक रसांना तो दाद देत नाही. तो तोडायला बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फ्री रॅडिकल वापरते. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, त्यामुळे समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावणारा रेणू. वाळवीची बुरशीही एन्झाइमांच्या जोडीला अशी ऑक्सिडेशनची प्रक्रिया वापरते, हे अलीकडच्या दहा-बारा वर्षांतल्या संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे ती स्वतःच्या अंगाशी आग पेटवून स्वयंपाक करते. लोहार भट्टीसमोर बसतो तेव्हा त्याला ओल्या गोणपाटाचा आडोसा लागतो, तशी हिलाही स्वतःला जाळून न घेण्याची सोय लागते. फेनॉल वर्गातले पदार्थ, गंधकयुक्त अमिनो आम्ले आणि पेरॉक्साइड फोडणारी एन्झाइमे ही ती सोय. आपण ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून डोक्यावर घेतो ते पदार्थ माणसाच्या भल्यासाठी तयार झालेले नाहीत. ते अळंबीच्या रोजच्या कामातून आलेले आहेत. आज मला जे सांगायचे आहे त्याचा पाया हाच: हा गुण तिच्या जगण्याच्या जागेतून येतो आणि ती जागा मोडली की गुणही जातो.

हा गुण मोजतात कसा? सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी डीपीपीएच नावाच्या रसायनाची आहे. मार्सडेन ब्लॉइस यांनी ती १९५८ साली मांडली. हे रसायन स्वतःच एक टिकाऊ फ्री रॅडिकल आहे. अल्कोहोलमध्ये विरघळवले की गडद जांभळा रंग येतो. त्यात अळंबीचा अर्क घालायचा. अर्कातल्या पदार्थांनी त्याला इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरतो आणि द्रव पिवळसर होतो. ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उतरला ते यंत्र सांगते. अर्धा रंग उतरवायला किती अर्क लागला, हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. पद्धत सोपी, स्वस्त आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखी आहे, म्हणून जगभर तिच्यावर हजारो शोधनिबंध निघाले.

त्यांतला आपल्या कामाचा एक निबंध म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून २००६ साली आला. भारताच्या वेगवेगळ्या भागांत नैसर्गिकरीत्या उगवणाऱ्या २३ जातींच्या अळंब्या तिथल्या संशोधकांनी तपासल्या. फेनॉलचे प्रमाण, चरबी खवट होण्याला होणारा अटकाव, फ्री रॅडिकल शमवण्याची ताकद, असे सगळे मोजले. या २३ जणींत पहिली आली आपली वारुळावरची, टर्मिटोमायसिस हाइमी. पाण्यात काढलेल्या अर्कात दर ग्रॅम नमुन्यामागे ३७ मिलिग्रॅम फेनॉल मिळाले. मिथेनॉलमध्ये काढलेल्या अर्कात ते बरेच कमी होते. स्वयंपाकघराच्या दृष्टीने यात एक गोष्ट फार मोलाची आहे. यातले बरेचसे सत्त्व पाण्यात उतरते, म्हणून अळंबी उकडून ते पाणी ओतून देणे चुकीचे. आपल्या बायका तिचा रस्सा करतात आणि रश्श्यात काहीच वाया जात नाही.

हा निकाल वाचून मला मनापासून आनंद झाला होता आणि आजही होतो. पण परीक्षानळीतला जांभळा रंग उतरणे आणि माणसाचा आजार उतरणे या दोन गोष्टींमध्ये फार मोठे अंतर आहे. ते अंतर विसरले की काय होते, त्याची साक्ष फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीने दिली आहे. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटीन यांची चाचणी झाली. परीक्षानळीत दोन्ही उत्तम अँटिऑक्सिडंट. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीची एक भलीमोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ साली त्यांनी ती काढून टाकली. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरील परिणामाशी संबंध दिसत नाही आणि पूरक गोळ्या विकणारे त्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्यांनी दिले. आपल्या शरीरालाही फ्री रॅडिकल लागतात. पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच अस्त्राने. म्हणून वारुळावरच्या अळंबीची पावडर डबीत भरून 'कॅन्सरवर गुणकारी' अशी चिठ्ठी लावून कोणी विकत असेल, तर ते घेऊ नका आणि शेजाऱ्यालाही घेऊ देऊ नका.

तरीही अळंब्यांतला एक पदार्थ असा आहे की त्याबाबतीत शास्त्रज्ञांची उत्सुकता मला रास्त वाटते. त्याचे नाव एर्गोथायोनीन. १९०९ साली शार्ल तान्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने राय या धान्यावरच्या अर्गट बुरशीतून तो वेगळा केला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो एक कोपऱ्यातला पदार्थ होता. मग २००५ साली कोलोन विद्यापीठातल्या डिर्क ग्रुंडेमान यांच्या गटाने दाखवले की हा पदार्थ पेशीत ओढून घेणारे एक खास प्रथिन माणसाच्या शरीरात आहे. आपले शरीर तो बनवत नाही. वनस्पतीही बनवत नाहीत, त्यांना तो मातीतल्या सूक्ष्मजीवांकडून थोडाफार मिळतो. बनवतात त्या बुरश्या आणि काही जिवाणू. आणि आपल्या आहारात त्याचा सर्वांत भरघोस साठा अळंब्यांत असतो. ज्या पदार्थासाठी शरीराने दरवाजा राखून ठेवला आहे, त्याचे काही काम असले पाहिजे, हा तर्क पटण्यासारखा आहे. ब्रूस एम्स यांनी २०१८ साली त्याला दीर्घायुष्याच्या जीवनसत्त्वांत धरावे असे सुचवले. सिंगापूरला बॅरी हॅलिवेल यांच्या गटाला स्मरणशक्ती मंदावलेल्या वृद्धांच्या रक्तात तो कमी आढळला. कमी असल्यामुळे स्मरण मंदावले की मंदावलेल्या माणसाचा आहारच बदलला, हे अशा निरीक्षणांतून ठरत नाही. त्यासाठी चाचण्या लागतात. एवढे मात्र नक्की की तो पाण्यात विरघळतो, उष्णतेला टिकतो आणि शिजवलेल्या अळंबीतूनही आपल्याला मिळतो.

आता सूक्ष्मजीवरोधक गुणाकडे वळतो. इथे तर लोकांची आणखी फसगत होते. प्रयोगाची रीत अशी: काचेच्या बशीत अगारवर जंतू पसरायचे, मधे एक खळगा करून त्यात अर्क घालायचा. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले की अर्क जंतुरोधक. रानातल्या पुष्कळ अळंब्यांच्या अर्कांनी असे वर्तुळ दिले आहे. पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यात ब्रागान्सा येथे इझाबेल फरेरा यांच्या गटाने तिथल्या रानअळंब्यांवर वर्षानुवर्षे हे काम केले आणि २०१२ साली जगभरच्या अशा प्रयोगांचा आढावाही घेतला. बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर अर्क चालतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, तिथे ते अडतात.

पण खरा प्रश्न आहे किती अर्क लागला हा. कच्च्या अर्काचा आकडा बहुधा मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये येतो. दवाखान्यात मिळणाऱ्या प्रतिजैविकाचा मायक्रोग्रॅममध्ये येतो. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे कच्चा अर्क शेकडो पटींनी, कधी हजार पटींनी दुबळा. अळंबीची भाजी खाऊन अंगातला ताप देणारा जंतू मरणार नाही. ज्याला संसर्ग झाला आहे त्याने डॉक्टरकडे जावे आणि दिलेले औषध पुरे करावे.

मग या प्रयोगांना अर्थ काय? अर्थ फार मोठा आहे, फक्त त्याला वेळ लागतो. कच्च्या अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यांतला नेमका एक जोरदार असू शकतो. १९५१ साली न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात कॅव्हनॉ, हर्वी आणि रॉबिन्स यांनी एका छत्री-अळंबीच्या बुरशीतून प्ल्युरोम्युटिलिन नावाचा पदार्थ वेगळा केला. जंतूच्या पेशीत प्रथिने जुळवणाऱ्या रायबोसोमवर तो अशा जागी बसतो की कामच थांबते. त्याच्यापासून आधी गुराढोरांसाठी टियाम्युलिन आले. २००७ साली त्वचेच्या संसर्गावर लावायचे रेटापाम्युलिन मंजूर झाले. आणि २०१९ साली न्यूमोनियासाठी पोटातून व शिरेतून देता येणारे लेफाम्युलिन अमेरिकेत मंजूर झाले. पहिल्या बाटलीपासून माणसाच्या शिरेपर्यंत ६८ वर्षे गेली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या आजच्या काळात नव्या वर्गाचे प्रतिजैविक मिळणे किती दुर्मीळ झाले आहे, हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतले आहे. युरोपात पाइन वृक्षाच्या जमिनीत पडलेल्या शंकूंवर स्ट्रोबिल्युरस नावाची इवलीशी अळंबी उगवते. एवढ्याशा शंकूवर दुसरी बुरशी आली तर हिची उपासमार होणार. म्हणून ती एक पदार्थ सोडते, जो दुसऱ्या बुरशीच्या पेशीतला श्वासोच्छ्वास बंद पाडतो. १९७७ साली जर्मनीत टिम अंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. मूळ पदार्थ उन्हात टिकत नव्हता. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा ठेवून टिकाऊ रेणू घडवले आणि १९९६ साली ॲझॉक्सिस्ट्रोबिन बाजारात आले. आपले बागायतदार केवडा आणि भुरीवर जी फवारणी करतात, तिच्या यादीत हे नाव ठळक आहे. पाइनच्या शंकूवरच्या एका अळंबीने आपली जागा राखण्यासाठी केलेला उपाय निफाडच्या द्राक्षघडापर्यंत आला. ती अळंबी कोणी पाहिलीच नसती, किंवा पाहायच्या आधी ते जंगल गेले असते, तर हे घडले नसते.

आता पुन्हा आपल्या वारुळाकडे. आत हवा कोंदट, दमट आणि उबदार. मळ्यावर सतत ताजे खाद्य. इथे शेकडो बुरश्या माजायला हव्यात, पण जिवंत वारुळातल्या मळ्यावर डोळ्यांना एकटी टर्मिटोमायसिस दिसते. वाळवी वारूळ सोडून गेली किंवा मेली की थोड्याच दिवसांत त्याच मळ्यावर स्यूडोझायलेरिया नावाची काळी, बोटांसारखी बुरशी उगवून येते. म्हणजे ती आत होतीच, दबून होती. तिला कोण दाबते? वाळवी स्वतः परक्या बुरशीचे तुकडे साफ करते, हा एक भाग झाला. दुसरा भाग २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मॅक्रोटर्मिस नॅटालेन्सिस या वाळवीवरच्या संशोधनात पुढे आला. तिच्यासोबत राहणारे बॅसिलस जिवाणू बॅसिलीन नावाचा पदार्थ तयार करतात. तो परक्या बुरश्यांना रोखतो आणि शेतातल्या बुरशीला त्या मानाने फारसा त्रास देत नाही. म्हणजे एकट्या अळंबीचा अर्क काढून आपण गुण शोधतो, पण वारुळातले संरक्षण वाळवी, बुरशी आणि जिवाणू मिळून करतात. आपल्याकडच्या ओडोंटोटर्मिसच्या वारुळांतले जिवाणू एकेक करून वेगळे करणे, त्यांची संवर्धने जपून ठेवणे, हे काम कोकणातल्या आणि गोव्यातल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे असे मला फार वाटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे, अजरेकरांच्या नावाचे कवक-संग्रहालय आहे. पिंपरीला १९५४ पासून प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना होता आणि तिथल्या संशोधकांनी मातीतल्या जिवाणूंतून हॅमायसिनसारखे बुरशीनाशक शोधले. ही परंपरा आपली आहे.

इथे विषारी अळंब्यांविषयी दोन वाक्ये बोलल्याशिवाय पुढे जाणे बेजबाबदारपणाचे होईल. वरचे सगळे गुण विषारी अळंबीतही असू शकतात. परीक्षानळीला विष कळत नाही. अमानिटा कुळातल्या काही अळंब्यांत अमाटॉक्सिन असते. ते उकळून जात नाही, यकृताच्या पेशींचे काम बंद पाडते आणि त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मधे बरे वाटल्यासारखे होते आणि तोपर्यंत वेळ हातची गेलेली असते. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळा पडतो, किड्याने खाल्लेली अळंबी निर्धोक असते, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. आपल्या अंगणात आणि खताच्या ढिगाजवळ उगवणारी हिरव्या बीजाणूंची क्लोरोफायलम दिसायला देखणी असते आणि ती खाऊन दरवर्षी लोक आजारी पडतात. वारुळावरची अळंबी जमिनीत खोल गेलेल्या दांड्यावरून आणि छत्राच्या टोकदार मध्यावरून ओळखतात, पण ही ओळख भाषणातून किंवा मोबाइलवरच्या फोटोतून शिकू नये. जी बाई तीस वर्षे तीच टेकडी चढते आहे तिच्याबरोबर जाऊन शिकावी. रस्त्याच्या कडेची आणि खाणीजवळची अळंबीही टाळावी, कारण अळंब्या मातीतले कॅडमियम आणि पारा शोषून साठवतात. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर युरोपातल्या रानअळंब्यांत किरणोत्सारी सीझियम वर्षानुवर्षे सापडत राहिले, तेही याच सवयीमुळे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले तो मांडतो. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी गर्दी करते, सकाळी पंखांचा खच पडतो. ती नव्या घराच्या शोधात निघालेली राजा-राणीची जोडपी असतात. ओडोंटोटर्मिसच्या बाबतीत, आणि बुरशीची शेती करणाऱ्या बहुतेक वाळवींच्या बाबतीत, ही जोडपी निघताना बियाणे बरोबर नेत नाहीत. जमिनीत शिरून ती पिल्ले वाढवतात. त्यांच्या पहिल्या कामकऱ्यांची फळी बाहेर पडते तेव्हा काडीकचऱ्यासोबत अळंबीचे बीजाणू उचलून आणते आणि नवा मळा पेरते. पंख गळाल्यानंतर काही आठवड्यांनी जुन्या वारुळांवर अळंब्या उगवतात, छत्र उघडून बीजाणू वाऱ्यावर सोडतात, आणि नेमक्या त्याच सुमाराला नव्या घरांतले कामकरी बाहेर येतात. दोन्ही वेळा जुळल्या तरच पुढच्या पिढीचे वारूळ उभे राहते.

बाजारात सर्वांत जास्त भाव कशाला आहे? न उघडलेल्या कळ्यांना. कारण त्या टिकतात, दिसायला टवटवीत असतात. मागणी वाढली तशी माणसे पहाटे तीन-चारला बॅटरी घेऊन जातात आणि छत्र उघडायच्या आत सगळे काढून आणतात. दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून घाई होते. काही जण तर दांड्यामागे वारूळ खणतात. या कळ्या बीजाणू सोडत नाहीत. म्हणजे त्या वर्षी त्या टेकडीवर नव्या वारुळांना बियाणे मिळत नाही. जुने वारूळ आणखी काही वर्षे अळंबी देत राहील, त्यामुळे नुकसान लगेच डोळ्यांवर येणार नाही. पण ते वारूळ म्हातारे होऊन संपले की जागा रिकामी. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांवर संशोधन केले आणि त्यांच्या बेसुमार तोडणीविरुद्ध जाहीरपणे इशारा दिला. अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय काहीही काढता येत नाही. पण सगळी वारुळे अभयारण्यात नाहीत. बरीचशी आपल्या परसात, काजूच्या बागेत, देवराईत आणि गायरानात आहेत, आणि बुलडोझर येतो तेव्हा त्यांची गणती कोणी करत नाही.

आपल्याकडे एक आधार आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी, सांतेरी ही भूमीची देवता वारुळाच्या रूपात पुजली जाते. कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे. माझ्या मते या श्रद्धेने या भागातली किती तरी वारुळे वाचवली. देवळातल्या वारुळाला हात लावायला जो माणूस धजत नाही, त्याला परसातल्या वारुळाचे मोल पटवणे कठीण जाऊ नये. ही भाषा त्याची स्वतःची आहे.

वेचणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही. दोन महिन्यांच्या त्या कमाईवर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघतो आणि या अळंबीविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही शोधनिबंधात नाही. म्हणून नियम त्यांच्यासोबत बसून ठरावा. प्रत्येक वारुळावरची काही छत्रे पूर्ण उघडून गळेपर्यंत राहू द्यायची. वारूळ खणायचे नाही. उघडलेल्या छत्रालाही कळीइतकाच दर द्यायचा, आणि हे गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात आहे. स्वयंपाकघरात अळंबी साफ करताना निघालेली माती आणि खालचे तुकडे कचराकुंडीत न टाकता परसात टाकायचे.

शेवटी एक काम सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक-जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावच्या नोंदवहीत अळंब्यांचे पान आहे का, ते पुढच्या ग्रामसभेत विचारा. नसेल तर यंदाच्या मोसमात ते भरा: कोणत्या वाडीत, कोणत्या झाडाखाली वारूळ आहे, पंखवाली वाळवी कोणत्या दिवशी उडाली, पहिली अळंबी किती दिवसांनी आली, ती ओळखणाऱ्या बाईचे नाव तिच्या संमतीने, तिने सांगितलेले उपयोग तिच्याच शब्दांत. वारुळांच्या नेमक्या जागा मात्र समितीपुरत्या ठेवा, गावाबाहेर फोडू नका. उद्या एखाद्या कंपनीने या अळंबीतून किंवा तिच्या वारुळातल्या जिवाणूंतून औषध काढायचे म्हटले, तर कायद्याने गावाला लाभाचा वाटा मागण्याचा अधिकार आहे. तो वाटा मागताना दाखवायचा पहिला कागद हीच नोंदवही असेल. ती भरायला ज्यांना मदत हवी असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे. कोरे तक्ते मी सोबत आणले आहेत.